जुने घर दुरुस्तीला काढताना कंत्राटदाराशी करावयाचा करार

गोव्यात घरदुरुस्तीचे बहुतेक व्यवहार बल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर बसून, चहा घेता घेता ठरतात. कंत्राटदार घराभोवती एक फेरी मारतो, छपराकडे पाहतो, भिंतीवर बोटाने ठोकून बघतो आणि डायरीच्या पानावर एक आकडा लिहून देतो. ‘साडेआठ लाख, मालासकट’ एवढाच त्या पानावरचा मजकूर असतो. त्यानंतर कौले उतरतात, चार वासे वाळवीने पोखरलेले सापडतात, गिलावा खरवडल्यावर चिऱ्यांची भिंत दरवाजावरच्या बाजूला तडकलेली दिसते, आणि त्या आकड्याचा अर्थ काय होता यावर वाद सुरू होतो.

नव्या बांधकामात काय बांधायचे ते आराखड्यावर आधी दिसते. दुरुस्तीत मात्र अर्धे काम गिलाव्याआड, फरशीखाली आणि छपराच्या पोटात दडलेले असते, म्हणून पहिल्या दिवशी सांगितलेली एकूण रक्कम कंत्राटदार प्रामाणिक असला तरी अंदाजच असते. घरमालक करार करताना त्या रकमेवर घासाघीस करण्यात सगळी शक्ती खर्च करतो. माझ्या मते त्याहून अधिक लक्ष एका वेगळ्या प्रश्नाकडे द्यायला हवे: आज न दिसणारे काम उद्या निघाले, तर त्याचा दर कोण, कधी आणि कसा ठरवणार? याचे उत्तर ज्या करारात आहे तो करार दोन पानांचा असला तरी उपयोगी पडतो. ज्यात ते नाही, तो वीस पानी असूनही ऐनवेळी कामास येत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच प्रश्नाभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी: घराला हात लावण्याचा अधिकार आणि परवानगी

गोव्यातील पुष्कळ वडिलार्जित घरांच्या वाटण्या झालेल्या नसतात. नमुना १ व १४ या जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावर आजोबांचे किंवा त्यांच्याही आधीच्या पिढीचे नाव असते, घरात राहणारा एक भाऊ असतो आणि बाकीचे मुंबईत, आखातात किंवा लिस्बनमध्ये असतात. त्यातच पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे पती-पत्नींच्या सामाईक मालकीचा प्रश्न असतो. कंत्राटदाराशी करार करायला सर्व सहमालकांच्या सह्या लागतातच असे नाही; परंतु एका नाराज नातेवाइकाने पंचायतीत अर्ज दिला आणि काम थांबवण्याची नोटीस आली, तर छप्पर उघडे राहते आणि कंत्राटदार मजुरांच्या बसून राहण्याचा खर्च मागू लागतो. तेव्हा सहमालकांची लेखी संमती आधी घ्यावी. परदेशी असलेल्या मालकाच्या वतीने घरातील कोणी सही करणार असेल, तर मुखत्यारपत्रात दुरुस्तीचा करार करण्याचा, बिले मंजूर करण्याचा आणि पैसे देण्याचा अधिकार स्पष्ट असावा. घर मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाच्या) ताब्यात असेल किंवा जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) असेल, तर कराराच्या आधी वकिलाकडे जावे.

बांधकाम परवानगीचा विषय गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ च्या कलम ६६ मध्ये येतो. शहरी भागात नगरपालिका किंवा पणजी महानगरपालिकेकडे जावे लागते. रंगकाम आणि भिंत हलवणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. छपराची उंची बदलणे, कौलांच्या जागी स्लॅब घालणे किंवा खोली वाढवणे यांसाठी नगरनियोजन खात्याचीही मंजुरी लागू शकते. पणजीतील मळा-फोंताईन्हाससारख्या वारसा क्षेत्रात दर्शनी भागाच्या बदलांवर बंधने आहेत. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि भरती-ओहोटीच्या नदीकाठी १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल ते अंतर नियमनाखाली येते. मांडवी, जुवारी किंवा शापोरा नदीकाठच्या गावांतील मालक समुद्र दूर आहे म्हणून निश्चिंत राहतात, आणि नेमके तिथेच चुकतात.

करारात याविषयी दोनच वाक्ये हवीत: कोणती परवानगी कोणी आणायची, आणि ती हाती येईपर्यंत कोणते काम सुरू करायचे नाही. परवानगीअभावी काम थांबले तर तो खर्च मालकाचा, असे कंत्राटदार लिहायला सांगेल. परवानगी आणण्याची जबाबदारी मालकाने घेतली असेल, तर त्याचे म्हणणे रास्त आहे.

दुसरी पायरी: करारापूर्वी घर थोडे उघडून पाहणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचे निम्मे वाद त्यातूनच निर्माण होतात. कंत्राटदार निश्चित करण्याआधी एका स्वतंत्र अभियंत्याला किंवा जुन्या घरांचे काम केलेल्या सुताराला, म्हणजे आपल्याकडच्या मेस्ताला, एक दिवसाची फी देऊन बोलवावे. छपराची चारपाच ठिकाणची कौले काढून वासे आणि रिपा पाहाव्यात, वाशांची भिंतीत रुतलेली टोके टोकदार हत्याराने टोचून पाहावीत (कूज तिथूनच सुरू होते), ओलसर भिंतीवरचा हातभर गिलावा खरवडावा, न्हाणीघराची एखादी फरशी उचलावी. सगळ्याचे तारखेसह फोटो घ्यावेत. एका दिवसाच्या या खर्चामुळे अज्ञात काम पूर्णपणे नाहीसे होत नाही, पण ‘छप्पर दुरुस्ती’ या दोन शब्दांच्या जागी ‘४२ पैकी अंदाजे १० वासे बदलणे’ असे लिहिता येते.

या पाहणीतच भिंतीला काय लावायचे हेही ठरवावे. चिऱ्यांच्या आणि चुन्याच्या जुन्या भिंती जमिनीतून ओल ओढतात आणि पृष्ठभागावरून सोडतात. त्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत अडकते आणि दोनतीन पावसाळ्यांत पोपडे निघतात. कंत्राटदार दरपत्रकात नुसते ‘गिलावा’ लिहील. चुन्याचा की सिमेंटचा, हे मालकाने लिहून घ्यायचे असते.

तिसरी पायरी: कराराचा प्रकार निवडणे

मुख्यतः तीन प्रकार प्रचलित आहेत. ठोक रकमेच्या करारात ठरलेल्या कामासाठी ठरलेली रक्कम असते. दरावरच्या करारात प्रत्येक कामाचा दर ठरतो आणि प्रत्यक्ष मोजणीनुसार पैसे दिले जातात. मजुरी करारात माल मालक आणतो आणि कंत्राटदार फक्त मजूर पुरवतो. शेवटचा प्रकार स्वस्त वाटतो. पण कौले वाहतुकीत फुटली, सिमेंट ओले झाले किंवा गिलावा उकलला, तर ‘तुमचा माल वाईट होता’ हे उत्तर तयार असते. ज्या मालकाला रोज कामावर उभे राहता येते त्यानेच तो मार्ग घ्यावा.

जुन्या घरासाठी मिश्र करार बरा, असे माझे मत आहे. जे डोळ्यांना दिसते आणि मोजता येते, म्हणजे रंग, फरशी, न्हाणीघर, विजेचे पॉइंट, ते ठोक रकमेत घ्यावे. जे उघडल्यावरच कळणार, म्हणजे छपराचे लाकूड, भिंतींची दुरुस्ती, पायाची ओल, ते दरावर ठेवावे आणि त्यापुढे ‘अंदाजे परिमाण’ लिहावे. अंदाजापेक्षा काम २५ टक्क्यांहून अधिक वाढले तर पुढे जाण्याआधी दोघांनी बसून दर पुन्हा पाहावा, अशी तरतूदही ठेवावी.

चौथी पायरी: परिमाणपत्रक आणि मोजणीची रीत

दर सगळे वाचतात. मोजणी कशी होणार हे फार थोडे विचारतात. एकच दर दोन मोजणी पद्धतींत दोन वेगळी बिले देतो. उतरत्या छपराचे उदाहरण घ्या. जमिनीवर १०० चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपराचा उतार ३० अंशांचा असेल, तर उतारावरून मोजलेले क्षेत्रफळ सुमारे ११५.५ चौरस मीटर भरते. यांतील कोणतीही रीत खोटी नाही. फक्त दर कोणत्या मोजणीवर सांगितला आहे ते लिहिलेले असले पाहिजे. कौलांच्या कामात उतारावरून मोजणे स्वाभाविक आहे. मात्र त्यात पावळीचा बाहेर आलेला भाग, कोन्याची कौले आणि पन्हळ धरले आहेत की वेगळे, हे विचारावे.

गिलाव्यातही तसेच. भारतीय मानक १२०० नुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट करत नाहीत, ०.५ ते ३ चौरस मीटरच्या दारे-खिडक्यांची वजावट एकाच बाजूची होते आणि त्यांच्या कडांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. ३ चौरस मीटरहून मोठ्या उघाडीची वजावट दोन्ही बाजूंनी होते आणि कडा वेगळ्या मोजल्या जातात. पाच मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत दोन्ही बाजूंनी लिंपली तर ३० चौरस मीटर होते; तीत २.१ चौरस मीटरचे दार आणि १.४४ चौरस मीटरची खिडकी असेल, तर या नियमाने २६.४६ चौरस मीटरचे पैसे द्यायचे असतात. ‘दारे-खिडक्या धरून’ मोजणारा कंत्राटदार ३० चौरस मीटरचे बिल करील. घरात अशा पंधरा भिंती असल्या तर फरक किती पडतो ते सांगायला नको. म्हणून करारात ‘मोजणी भारतीय मानक १२०० नुसार’ एवढे तरी लिहावे, आणि मोजणी दोघांनी मिळून करून वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. फरशीखाली किंवा गिलाव्याआड जाणाऱ्या कामाची मोजणी ते झाकण्यापूर्वीच व्हावी.

एककेही एकसारखी ठेवावीत. आपल्याकडे जमीन चौरस मीटरमध्ये, फरशी चौरस फुटांत, खडी आणि रेती ब्रासमध्ये आणि लाकूड घनफुटांत मोजायची सवय आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. दर कोणत्या एककाचा आहे यावरून झालेली गफलत दहापटीची असू शकते. दर वाजवी आहेत की नाहीत याचा अंदाज घ्यायला सार्वजनिक बांधकाम खात्याचे दरपत्रक उपयोगी पडते. मात्र जुन्या घरातील सुतारकामाला ते तंतोतंत लागू पडत नाही.

पाचवी पायरी: मालाचे वर्णन

‘उत्तम प्रतीचा माल’ या शब्दांना कायद्यात फारसे वजन नाही, कारण उत्तम म्हणजे काय हे त्यांतून ठरत नाही. त्याऐवजी मानक क्रमांक, कंपनी, जाडी आणि प्रत लिहावी. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराजवळ आयएस (भारतीय मानक) ७१० चे मरीन प्लायवूड आणि कोरड्या खोलीत आयएस ३०३ चे, असे लिहिले की कपाटाचा दर अर्धा का वाटला होता ते लगेच कळते. सळई आयएस १७८६ नुसार, कोणत्या प्रतीची, हेही यावे.

काँक्रीटच्या बाबतीत गोव्याने थोडे अधिक जागरूक असावे. आयएस ४५६ या मानकात किनारी वातावरणात उघडे राहणारे काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येते, आणि त्यासाठी किमान एम-३० प्रत (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत) व सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. कळंगुट किंवा बेतुलसारख्या किनाऱ्यालगतच्या घरात एम-२० ने ओतलेली सज्जाची स्लॅब काही वर्षांत सळई गंजून फुगते, आणि तेव्हा कंत्राटदाराचा फोन लागत नाही. काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी १० दिवस पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, आणि त्यासाठी पाणी कोण पुरवणार, हेही लिहावे. एप्रिल-मेमध्ये विहीर आटलेल्या गावात हा क्षुल्लक प्रश्न राहत नाही. रेती नदीची की दगड चुरून केलेली, हे ठरवावे आणि खाऱ्या पाण्यातली रेती वापरणार नाही असे लेखी घ्यावे.

सहावी पायरी: वाढीव काम

या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक तंटे इथेच पेटतात. काम चालू असते, सुतार म्हणतो, ‘बाई, हा वासाही गेलेला आहे, बदलू का?’ घरची बाई म्हणते, ‘बदला.’ त्या एका शब्दाने दर ठरत नाही, संख्या ठरत नाही, मुदत ठरत नाही. पण काम होते. शेवटच्या बिलात मग ‘जादा सुतारकाम, १,४०,०००’ अशी एकच ओळ येते.

‘मी लिहून दिले नव्हते, म्हणून देणार नाही’ असे म्हणून मालकाची सुटका होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर वाजवी मोबदला द्यावा लागतो. वासा तुमच्या छपरात आहे, म्हणजे लाभ तुम्ही घेतला. म्हणून बचाव नंतर न करता आधी करायचा. करारात पुढीलप्रमाणे मजकूर घालता येईल:

‘करारात नसलेले किंवा अंदाजे परिमाणापेक्षा अधिक असलेले कोणतेही काम मालकाच्या लेखी मंजुरीशिवाय सुरू केले जाणार नाही. मंजुरीत कामाचे वर्णन, परिमाण, दर, एकूण रक्कम आणि मुदतीवर होणारा परिणाम नमूद केलेला असेल. करारातील दरपत्रकात त्या कामाचा दर असल्यास तोच लागू होईल. नसल्यास प्रत्यक्ष माल, मजुरी आणि त्यावर १० टक्के याप्रमाणे आकारणी होईल. मालकाच्या वतीने अशी मंजुरी देण्याचा अधिकार फक्त … यांना आहे.’

शेवटचे वाक्य विसरू नये. घरात सासू, सून, सुटीवर आलेला भाऊ आणि शेजारचे काका असे सगळे सूचना देत असतात, आणि कंत्राटदाराला प्रत्येकाचे ऐकावे लागते. एकाच व्यक्तीचे नाव लिहिले, की कंत्राटदाराचीही सोय होते. लेखी मंजुरी म्हणजे दरवेळी मुद्रांकाचा कागद नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही चालेल, असे करारात लिहून ठेवावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडता येते. कलम ६३ चे प्रमाणपत्र मात्र जोडावे लागते. त्यामुळे फोन बदलताना ते संभाषण पुसून टाकू नये.

धोक्याच्या स्थितीसाठी एक अपवाद ठेवावा. तुळई खचत असेल तर आधार देण्यासाठी मंजुरीची वाट पाहण्यात अर्थ नाही. तेव्हा तात्पुरते टेकू लावून २४ तासांत मालकाला कळवावे, असे लिहावे.

सातवी पायरी: पैसे

आगाऊ रक्कम ही विश्वासाची खूण म्हणून मोठी मागितली जाते. ती कामाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि पुढचे हप्ते तारखेला न जोडता पूर्ण झालेल्या टप्प्याला जोडावेत. ८ लाखांच्या छप्पर-दुरुस्तीसह कामाची विभागणी अशी करता येईल: सुरुवातीला ८०,००० रुपये, कौले उतरवून लाकडाची दुरुस्ती पूर्ण झाल्यावर १,६०,०००, कौले पुन्हा चढून छप्पर पाणी न गळण्याजोगे झाल्यावर २,००,०००, गिलावा, नळ आणि विजेच्या नळ्या झाल्यावर १,६०,०००, फरशी व रंग झाल्यावर १,२०,०००, आणि उरलेले ८०,००० पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवलेले. मालकाने दिलेला पैसा नेहमी झालेल्या कामाच्या थोडा मागे असावा. फार मागे ठेवला तर लहान कंत्राटदार मजुरांना पगार देऊ शकत नाही आणि काम सोडून दुसरीकडे जातो, हेही तितकेच खरे आहे.

कराराच्या रकमेत वस्तू व सेवा कर धरला आहे की नाही, हे शब्दांत लिहावे. मालासकट कामाच्या कंत्राटावर सर्वसाधारणपणे १८ टक्के कर लागतो, म्हणजे ८ लाखांवर १,४४,००० रुपये. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल आणि तो नोंदणीकृत नसेल, तर त्याला हा कर घेताच येत नाही. बिलावर कर लावला असेल तर नोंदणी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासून पाहावा. ‘बिल नको, कर वाचेल’ हा प्रस्ताव ऐकायला बरा वाटतो, पण बिल नसले की पुढे ग्राहक आयोगासमोर दाखवायला काहीच उरत नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. शक्यतो सर्व हप्ते बँकेतूनच द्यावेत.

आठवी पायरी: पाऊस, चवथ आणि मुदत

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तरीही ‘चवथीपर्यंत’, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, ‘घर तयार पाहिजे’ अशी मुदत घालून मार्चमध्ये काम काढणारे कमी नाहीत. एप्रिल-मेमध्ये मजूर गावी जातात, लाकूड वेळेवर येत नाही, आणि जूनमध्ये निळ्या प्लास्टिकखाली देवखोली झाकून कुटुंब भाड्याच्या जागेत चवथ करते. दिवाळीनंतर काम काढून छप्पर एप्रिलअखेर बंद करावे, ही जुनी रीत आजही शहाणपणाची आहे.

करारात शेवटची तारीख एकच न ठेवता दोन असाव्यात: छप्पर बंद करण्याची आणि काम पूर्ण करण्याची. पहिली जास्त महत्त्वाची. ३० एप्रिल ही तारीख चुकली तर दररोज किती रक्कम कापायची, हे लिहावे. उदाहरणार्थ दररोज १,००० रुपये, कमाल ४०,०००. अवास्तव दंड लिहून उपयोग होत नाही, कारण करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा मानली जाते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. मुदत हा कराराचा गाभा आहे, असेही स्पष्ट शब्दांत लिहावे. अवेळी पाऊस, मालकाने उशिरा निवडलेली फरशी किंवा मालकाने थकवलेला हप्ता यांमुळे गेलेले दिवस मुदतीत वाढवून द्यावे लागतील. पावसात काम चालू राहिल्यास छपरावरचे आच्छादन कोणी पुरवायचे, आणि आत पाणी गेल्यास फर्निचरचे नुकसान कोणाचे, हेही आधी ठरवावे.

नववी पायरी: उतरलेले जुने सामान

आमच्या डिचोली तालुक्यातील घराचे छप्पर उतरवले तेव्हा करारात ‘जुने सामान हटवणे’ असे लिहिले होते. आम्ही त्याचा अर्थ अंगणाच्या कडेला रचून ठेवणे असा घेतला. कंत्राटदाराने टेंपो आणून नेणे असा घेतला. जुन्या सागवानाच्या सहा तुळया त्या टेंपोतून गेल्या. त्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण वाक्य आम्हीच लिहिले होते.

जुन्या गोमंतकीय घरातून निघणारे सागवान, जांभा, जुनी मंगळुरी कौले, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, मोझाईकच्या फरशा आणि ओतीव लोखंडी कठडे यांना बाजारात चांगली किंमत येते, आणि शिंपल्यांसारखे काही सामान पुन्हा मिळणे कठीण असते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी यादी आणि फोटो करावेत. कोणते सामान परत बसवायचे, कोणते मालकाकडे राहील आणि कोणते कंत्राटदार नेईल (नेणार असल्यास किती रक्कम वजा करून), असे तीन रकाने करारास जोडावेत. कौले उतरवताना काही फुटणारच. किती टक्के फूट मान्य आणि त्यापुढची भरपाई कोणाची, हेही त्यात यावे. मातीचा आणि विटांचा ढिगारा कुठे टाकणार, हे विचारणे शेजाऱ्यांशी संबंध टिकवण्यासाठीही आवश्यक आहे. रस्त्याकडेला किंवा खाजन (खाडीकाठच्या सखल शेत-) जमिनीत टाकलेल्या ढिगाऱ्याबद्दल पंचायत पहिल्यांदा घरमालकालाच बोलावते.

दहावी पायरी: माणसे

छपरावर चढणाऱ्या मजुरांना अपघात झाल्यास उपचाराचा खर्च आणि भरपाई कोणी द्यायची, याची तरतूद नसेल तर गावकीच्या दबावाखाली ती मालकाच्या अंगावर येते. कंत्राटदाराने कामगारांचा विमा काढून त्याची प्रत द्यावी, पट्टे व शिरस्त्राणे पुरवावीत, आणि मजुरांची ओळखपत्रे व राहण्याची जागा लेखी कळवावी. मूळ कंत्राटदाराने परस्पर दुसऱ्याला काम दिले, तरी जबाबदारी त्याचीच राहील, हे एक वाक्य पुरेसे आहे. वीजजोडणी मात्र परवानाधारक व्यक्तीनेच करावी.

अकरावी पायरी: कागद करणे

दुरुस्तीच्या कराराची नोंदणी करणे सक्तीचे नाही, परंतु तो योग्य मूल्याच्या मुद्रांकावर करावा. भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ च्या कलम ३५ नुसार मुद्रांक शुल्क कमी भरलेला कागद, शुल्क आणि दंड भरल्याशिवाय, पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. करार मराठीत केला तरी वैध असतो, आणि दोन्ही बाजूंना जी भाषा नीट कळते तीतच तो करावा. इंग्रजी छापील नमुन्यावर न वाचता सही करणारे मालक आणि कंत्राटदार दोघेही मी पाहिले आहेत. परिमाणपत्रक, आराखडा, मालाचे वर्णन, सामानाची यादी आणि फोटो हे जोडपत्र म्हणून जोडावेत, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि करार व जोडपत्रात विसंगती आढळल्यास कोणते ग्राह्य ते लिहावे. कंत्राटदार भागीदारीत काम करत असेल तर सही करणाऱ्याचा अधिकार तपासावा.

बारावी पायरी: बिघडले तर

काम अर्धवट सोडून कंत्राटदार गेला, की मालक दुसऱ्याच दिवशी नवा माणूस आणतो. घाई समजण्यासारखी आहे, पण आधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, झालेल्या कामाची अभियंत्याकडून मोजणी आणि फोटो, शक्य असल्यास कंत्राटदाराला कळवून. दुसरी, लेखी नोटीस. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम २० मध्ये अशी तरतूद आहे, की काम दुसऱ्याकडून करून घेऊन त्याचा खर्च मूळ कंत्राटदाराकडून वसूल करायचा असेल, तर त्याला किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन काम पूर्ण करण्यास सांगावे लागते. छप्पर उघडे असेल तर तात्पुरते आच्छादन घालावे; नुकसान वाढू न देणे हे मालकाचेही कर्तव्य असते, आणि वाजवी खबरदारीने टाळता आले असते असे नुकसान करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली मागता येत नाही.

स्वतःच्या राहत्या घरासाठी काम करून घेणारा मालक ग्राहक ठरतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये घरबांधणीचा समावेश सेवेच्या व्याख्येत आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मालक जिथे राहतो तिथेच ती दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तरीही दहा-वीस हजारांच्या फरकासाठी पहिला मार्ग म्हणून दोघांना मान्य असलेल्या अभियंत्याचे नाव करारातच लिहून ठेवावे आणि त्याची मोजणी अंतिम मानावी. गावात पुढेही एकमेकांचे तोंड बघायचे असते.

शेवटची पायरी: पहिला पावसाळा

दोषनिवारणाची मुदत नुसती ‘बारा महिने’ न लिहिता ‘किमान एक पूर्ण पावसाळा समाविष्ट असलेले बारा महिने’ असे लिहावी. न्हाणीघराच्या जमिनीवर आणि गच्चीवर ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यावी आणि ती झाल्याशिवाय फरशी घालू नये. जुलैमधील सलग पावसाच्या आठवड्यात माळ्यावर विजेरी घेऊन चढावे, वाशांच्या टोकांवर आणि कोन्याखाली ओल दिसते का पाहावे, दिसल्यास फोटो काढून त्याच दिवशी कंत्राटदाराला लेखी कळवावे. दुरुस्तीसाठी त्याला १५ दिवस द्यावेत. नाही केली तर राखून ठेवलेल्या रकमेतून ती करून घेण्याचा अधिकार करारात असावा. ऑक्टोबर उजाडला आणि भिंती कोरड्या राहिल्या, की राखीव ८०,००० रुपये बँकेतून द्यावेत आणि पावतीवर ‘या करारातील सर्व रक्कम मिळाली, काही बाकी नाही’ असे त्याच्या हाताने लिहून घ्यावे.